केवड्याच्या विणीखाली बसलेली माणसे

शनिवार, दिनांक २ नोव्हेंबर २०१९. मांगेरे या सामोअन वस्तीच्या उपनगरात, सकाळच्या बाजारात, तारोच्या कंदांच्या ढिगाला लागून मांडलेल्या एका टेबलावर, सेनेरिताच्या आईने केवड्याच्या पानांची विणलेली इए काळ्या सदऱ्यांच्या छातीवर छापून विकण्यात आली. त्या इएखाली गुडघे टेकून बसलेली माणसेही त्याच छापात, त्याच भावात विकली गेली. बसलेल्यांपैकी कोणाची परवानगी घेतलेली नव्हती. ज्यांच्या दारात ती बसली होती, त्यांचीही घेतलेली नव्हती. ही तक्रार येथे नोंदवून ठेवणे भाग पडले, कारण जिथे जिथे ती सांगितली तिथे तिथे ऐकणाऱ्याने आधी खिशातून फोन काढून ‘हेच ना ते चित्र?’ असे विचारले.

सेनेरिता त्या सकाळी विमानतळावरच्या स्वयंपाकघरातली पाळी संपवून तारो घ्यायला आली होती. विमानातल्या प्रवाशांपुढे जी जेवणाची ताटे येतात, ती भरण्याचे काम ती उमेदीच्या वयापासून करीत आली आहे. स्वतः विमानात ती दोनदाच बसली, सामोआला, आणि दोन्ही वेळा अंत्यविधीसाठी. डोक्यावर अजून कामावरची पांढरी जाळीची टोपी होती. टेबलामागच्या जाडजूड माणसाने तिच्यापुढे सदरा उलगडून धरला.

“घ्या ना मावशी, आपल्या निकोचा अल्बम आलाय. मांगेरेचा पोरगा! थोडेच उरलेत.”

सेनेरिताने चित्राकडे पाहिले. पहाटेचा निळसर उजेड, ओली सिमेंटची वाट, आणि वाटेवर पसरलेली एक भलीमोठी फिकट वीण. विणीखाली उंचवटे. कडेला लाल पिसांची झालर, आणि तिच्या एका कोपऱ्यात पिसे गळून पडलेली मोकळी जागा. ती जागा तिच्या ओळखीची होती. लहानपणी तिनेच ती पिसे उपटली होती आणि आईचा मार खाल्ला होता.

“डावीकडून दुसरं कुबड दिसतंय ना,” ती म्हणाली, “ते मी.”

माणूस खो खो हसला. “मग तुम्हाला सूट द्यायला पाहिजे!”

ज्या समाजात असे उत्तर देणारा माणूस दोन वेळचे सुखाने जेवतो, त्या समाजाविषयी पुढे जे लिहिले आहे ते वाचून कोणाला वाईट वाटले, तर वाटावे.

इएला चटई म्हणणे म्हणजे पैठणीला फडके म्हणणे होय. केवड्याची पाने उकळून, समुद्रात मुरवून, उन्हात पांढरी करून, नखाने दोऱ्याइतकी बारीक चिरून ती विणतात. सेनेरिताच्या आईने ही इए सामोआतल्या सवाई बेटावरच्या आपल्या गावी विणायला घेतली तेव्हा सेनेरिता पोटात होती, आणि इकडे येऊन विणून पुरी झाली तेव्हा मुलगी आपल्या वेण्या आपणच घालू लागली होती. लग्नात द्यायची म्हणून ठेवली. सेनेरिताने लग्न केले नाही. मग ठरले, की तिच्या शवपेटीवर घालायची. तोवर ती गादीखाली सपाट ठेवायची, कारण इए ठेवण्याची जागा तीच. गादी होती फालानिकोची.

फालानिको, म्हणजेच तो अल्बमवाला निको, हा तिच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ ऑस्ट्रेलियात पर्थकडे खाणीत गेला तो तिकडचाच झाला. पोरगा आत्याकडे वाढला, त्या इएवर निजून मोठा झाला. तोंडाने ताल धरण्याची त्याला खोड होती. जेवताना, न्हाताना, प्रार्थनेतसुद्धा. कपाटात रजया टांगून तो आत शिरे आणि गाणी ध्वनिमुद्रित करी; बाहेर सेनेरिता इस्त्री थांबवून बसे, कारण वाफेचा फुस्स आवाज आत जाई. “झालं का रे तुझं भूतखेत?” असे ती दाराशी ओरडे. पण कामावर ताटे लावताना त्याचीच चाल गुणगुणे. पोरात गुण होता, हे नाकारण्याचे कारण नाही. गुण नसता तर यातले काहीच घडले नसते.

शहराच्या श्रीमंत पॉन्सन्बी भागातल्या एका संगीत कंपनीने त्याला हेरले. पहिला अल्बम काढायचा ठरला. त्याआधी, ऑगस्टच्या, म्हणजे इकडच्या हिवाळ्याच्या थंडीत, एक गाणे सोडले. त्या गाण्याने आग लागली.

गाण्यात फालानिकोने आपली वंशावळ म्हटली होती. आपले मूळ उंच सांगायचे आणि समोरच्याचे खाली ओढायचे, ही रॅपची रीत आहे. वंशावळी जपणे ही सामोअन घरांची रीत आहे. दोन रीती एकाच जिभेवर आल्या. त्याने आपल्या फोनोती घराण्याचा मूळपुरुष आभाळापर्यंत चढवला आणि शेजारच्या असोमुआ घराण्याचा मूळपुरुष, नाव घेऊन, टोपली डोक्यावर घेऊन दाराशी आलेला, उष्ट्यावर ठेवून घेतलेला माणूस म्हणून सांगितला. ताल असा होता, की ऐकणाऱ्याचे पाऊल आपोआप थापटू लागे.

दुसऱ्या दिवशी म्हातारा फोनोती सेनेरिताच्या घरी आला. फोनोती हे त्या घराण्याचे पद. ते ज्याच्या डोक्यावर बसते त्याचे स्वतःचे नाव गळून पडते; या म्हाताऱ्याचे मूळ नाव सेनेरितालाही आठवून सांगावे लागले असते. मधुमेहाने त्याचे पाय सुजले होते, तरी तो खुर्चीवर टेकला नाही.

“हे तुला कुणी सांगितलं?” त्याने फालानिकोला विचारले.

“तुम्हीच, आजोबा. बाबा पर्थहून आला होता तेव्हा.”

“घरात सांगितलं होतं. पडदे ओढून.”

“पण खरं आहे ना ते?”

“खरं आहे म्हणूनच पडदे ओढले होते, गाढवा! खोट्याला कशाला पडदा लागतो?”

फालानिको आत्याकडे पाहू लागला. सेनेरिता कोकोच्या पातेल्यात पळी फिरवीत राहिली.

“रॅपमध्ये हे असंच असतं, आजोबा. समोरच्याचं मूळ काढायचं. सगळेच काढतात.”

“सगळे काढतात, कारण त्यांना समोरच्याचं मूळ ठाऊक नसतं. ती नुसती शिवी होते. तुला ठाऊक होतं.”

विमानतळावर सामान चढवणाऱ्यांत फुआतिनोचा मुलगा होता. फुआतिनो ही असोमुआ घराण्याची विधवा, आणि हा तिचा मुलगा आता असोमुआ हे पद धारण करणारा. तो पट्ट्यापाशी आला की तरुण सोबती म्हणत, “टोपली आली रे, उचला.” शनिवारच्या सामन्यात तिचा नातू चेंडू घेऊन धावला तेव्हा प्रेक्षकांतून कोणी तरी धुण्याची रिकामी टोपली मैदानात भिरकावली. सगळे हसले. हसणाऱ्यांत दोन्ही घराण्यांशी सोयरीक असलेली माणसे होती. फुआतिनो पुढच्या रविवारी चर्चच्या गायकवृंदात आली नाही. सेनेरिता आणि ती तरुणपणापासून एकाच बाकापाशी उभ्या राहून खालचा सूर धरीत आल्या होत्या. त्या रविवारी सेनेरिताने तो एकटीने धरला, आणि तो तिला मोकळ्या घरात बोलल्यासारखा वाटला.

मग फोनोतीने ठरवले: इफोगा करायचा. दुसरा मार्ग नव्हता. ज्याचा अपमान केला त्याच्या दारात, उजाडण्याआधी, अपराध्याच्या घराने गुडघे टेकायचे आणि आपल्याजवळची सर्वांत मोलाची इए डोक्यावरून ओढून घ्यायची. बोलायचे नाही. सोबत जळण न्यायचे, म्हणजे, ‘हवे तर आम्हाला भाजून खा.’ समोरच्याने बाहेर येऊन कोयता चालवला तरी हलायचे नाही. त्याने इए उचलली, तर क्षमा. क्षमा झाली, की ती गोष्ट मातीत गेली. पुन्हा जो ती उकरील, तो माणसांतून उठला.

मोलाची इए एकच होती. सेनेरिताने फालानिकोची गादी उचलली.

त्या पहाटे असोमुआच्या विटांच्या घरासमोर, गाडी आत न्यायच्या सिमेंटच्या वाटेवर, ती सगळी बसली. पुढे फोनोती, त्याच्यामागे सेनेरिता, फालानिको, आणि घराण्यातली बाकीची वडीलधारी. जळण पेट्रोलपंपावरून आणलेले, जाळीच्या पिशवीतले. त्यावरचा किमतीचा कागद फोनोतीने अंधारात नखाने खरवडून काढला होता. साखळीला बांधलेला कुत्रा भुंकून भुंकून दमला आणि बसला. वर दव पडत होते. विणीतून उजेड झिरपू लागला तेव्हा सेनेरिताला आपल्या आईच्या बोटांची प्रत्येक चाल जवळून दिसली. आयुष्यात प्रथमच, कारण इए आतून कोणी पाहत नाही. फालानिको शेजारीच होता. तिने त्याचे मनगट धरले.

शेजारच्या घरातला टोंगन माणूस कामाला निघाला. त्याची पावले थांबली. दार उघडल्याचा आवाज आला, पण इंजिन सुरू झाले नाही. चाके हळूहळू सरकल्याचा आवाज आला. त्याने गाडी ढकलत रस्त्यापर्यंत नेली, वळणापलीकडे नेली, आणि मगच ती सुरू केली. मांगेरेत सभ्य माणसे आहेत, याचा त्या पहाटेचा पुरावा एवढा एकच.

दुसरा आवाज रस्त्याच्या पलीकडून आला: एका व्हॅनचे सरकते दार. ‘नळवाला असेल,’ असे सेनेरिताच्या मनात आले. तेवढ्यावर तिने तो विचार सोडला.

ऊन विणीवर चढले तेव्हा असोमुआ बाहेर आला. बराच वेळ तो नुसता उभा होता. मग त्याच्या आईचा आवाज आला, “अरे उचल की, म्हाताऱ्याचे पाय बघ.” आणि इए उचलली गेली.

आत कोको झाला, पानिकेकेचे गोड गोळे तळले गेले, दोन्ही बाजूंची भाषणे झाली. असोमुआ म्हणाला, “ते गाणं मेलं. त्यावर आता गवत उगवू दे.” फालानिको सर्वांसमोर मान खाली घालून म्हणाला, “अल्बममध्ये ते कडवं नसेल.” फुआतिनोने इए मांडीवर घेतली, गळलेल्या पिसांच्या जागेवरून बोट फिरवले आणि सेनेरिताला कोपराने ढोसले.

“ही तुझीच करणी असणार.”

“आठ वर्षांची होते गं.”

“अजून तशीच आहेस. ऊठ आता, तुला खाली बसलेली बघून माझेच गुडघे दुखायला लागले. रविवारी मी येते. तू एकटीनं सूर पार तळघरात नेऊन ठेवलास म्हणे.”

दोघी हसल्या. त्या हसण्यानंतर पुढचे जे घडले ते लिहिताना लेखणीला किळस येते.

व्हॅन नळवाल्याची नव्हती, कॅमेरा घेऊन आलेल्या कंपनीच्या माणसांची होती. फालानिकोला त्या दिवशी कंपनीत ध्वनिमुद्रणासाठी जायचे होते. येता येणार नाही, हे कळवताना त्याने कारणही सांगितले. लोगन नावाच्या कंपनीच्या माणसाने विचारले, “म्हणजे नक्की काय करतात?” आणि याने भोळेपणाने सगळे सांगितले, असोमुआच्या घराचा पत्तासुद्धा. खोटे बोलण्याची सवय नसलेल्या घरातली मुले अशीच उघडी पडतात. ऑक्टोबरात, मुले पांढरे कपडे घालून चर्चमध्ये जातात त्या रविवारच्या आधी, लोगनने त्याला अल्बमचे मुखपृष्ठ दाखवले. फालानिकोने चित्राला हरकत घेतली नाही. दोन नोव्हेंबरपर्यंत तो घरीही काही बोलला नाही.

बाजारातून सेनेरिता तारो न घेताच परतली. तो स्वयंपाकघरात भांड्यातूनच शेवया खात उभा होता.

“तुला माहीत होतं?”

त्याने भांडे खाली ठेवले. “हो.”

“आणि तोंड शिवलं होतंस? एरवी प्रार्थनेत तुझी टकळी थांबत नाही!”

“मी त्यांना म्हटलं, कडवं काढा. ते म्हणाले, बघू. मला वाटलं, काढतील.”

“आणि चित्र?”

“आत्या, खरं सांगू? ते पहिल्यांदा बघितलं ना, तेव्हा मला आधी वाटलं, किती सुंदर आहे. मग कळलं, ते आपण आहोत.”

सेनेरिताने हात उगारला नाही. उगारला असता तर बरे झाले असते, असे त्याने पुढे कबूल केले. तिने डोक्यावरची जाळीची टोपी काढली, घडी केली, खिशात घातली आणि म्हणाली, “तुझ्या आजीची नजर गेली ती इए विणता विणता. तुला सुंदर वाटलं.”

अल्बममध्ये ते कडवे होते. शब्दन् शब्द होता. वर त्याच्या सुरुवातीला त्या पहाटेचा कुत्रा भुंकताना ऐकू येत होता.

रविवारी चर्च सुटल्यावर असोमुआची गाडी सेनेरिताच्या दाराशी थांबली. मुलगा चाकामागेच बसून राहिला. फुआतिनो उतरली. दोन्ही हातांवर, जशी ती स्वीकारतात तशीच, घडी घातलेली इए घेऊन ती पायऱ्यांपर्यंत आली. परत करायलाही, म्हणजे क्षमा मागे घ्यायलाही, रीत असते आणि म्हातारीने ती मोडली नाही.

“आत ये, फुआतिनो.”

“आत नाही येत. आत आले तर कोको घ्यावा लागेल.”

“फुआतिनो, आम्हाला माफ—”

“तो शब्द नको. तो आपण एकदा वापरला. आता तो सदऱ्यावर आहे.” ती जिन्याचा कठडा धरून दम खात उभी राहिली. “माझा मुलगा म्हणतो, तुम्ही बसलात तेव्हाच तुम्हाला ठाऊक होतं. मी म्हटलं, सेनेरिताला नव्हतं. तिला ठाऊक असतं तर तिनं केस तरी विंचरले असते.”

एवढ्यातही सेनेरिताला हसू आले, आणि हसू आले म्हणून रडू आले.

“मी काय करू, सांग.”

“काल माझ्या नातवाच्या फोनात ते चित्र दिसलं. नातवाच्या, सेनेरिता! ज्याच्या अंगावर टोपली टाकली, त्याच्या. त्याला मित्रानं पाठवलं, त्यानं ठेवून घेतलं. का, विचारलं. तर म्हणतो, आपलं घर प्रसिद्ध झालं.” तिने इए सेनेरिताच्या हातांवर ठेवली. “ज्या दिवशी हे चित्र मला कुणाच्या हातात दिसणार नाही, त्या दिवशी ही घेऊन ये. मी आहे तोवर दार उघडं आहे. पण मी काही फार दिवसांची नाही, हे लक्षात ठेव.”

सोमवारी सेनेरिता फालानिकोला घेऊन पॉन्सन्बीला गेली. कंपनीचे कार्यालय जुन्या लाकडी घरात होते. तसल्याच एका घरात, दोन गल्ल्या पलीकडे, सेनेरिता जन्मली. तेव्हा ती घरे गळकी होती म्हणून सामोअनांना मिळत. पुढे ती रंगवली गेली आणि सामोअन मांगेरेला फेकले गेले. आता त्याच घरांत बसून सामोअनांची गाणी विकतात. टेबलाखाली एक गुबगुबीत कुत्रा लोळत होता. लोगन उठून पुढे आला आणि त्याने सेनेरिताच्या गालाला गाल लावला.

“तालोफा, आंटी! तुम्ही आलात, फार बरं वाटलं. माझी आजीसुद्धा सवाईची.”

“कुठल्या गावची?”

“ते... विचारायचं राहून गेलं. पण रक्त बोलतं ना, आंटी. हा फोटो मी प्रथम पाहिला तेव्हा अंगावर काटा आला.”

“माझ्याही आला. बाजारात.”

तो हसला. अशी माणसे कुठेही हसतात. “हे बघा, मी आदरानंच केलंय हे. जगाला कळू दे, आपल्याकडे माफी कशी मागतात.”

“ती जगाची नव्हती मागितली. फुआतिनोची मागितली होती.”

“चित्र काढा,” फालानिको म्हणाला. “कडवं काढा. मी तिथं सगळ्यांसमोर शब्द दिलाय.”

“निको, लोक तेच कडवं ऐकतायत. ते काढलं तर उरलं काय? आणि सही तूच केलीयस ना, उसो?” उसो म्हणजे भाऊ. तो शब्द मात्र त्याला नीट म्हणता येत होता. मग त्याने खुर्ची पुढे ओढली आणि त्याचा चेहरा उजळला. “मला एक सुचतंय. त्यांनी ती परत केली ना? मग तुम्ही पुन्हा जा. पुन्हा बसा. या वेळी सगळं रीतसर, सगळ्यांची परवानगी घेऊ. दोन्ही बाजूंनी कॅमेरे लावू. त्यांनी उचलली तर उचलली, नाही उचलली तर... तेही खरंच असेल ना?”

सेनेरिताने आयुष्यभर ताटे भरली. शिळे, नासके, उंदराने कुरतडलेले अन्न तिने हातांनी उचलून टाकले होते. नासल्याचा तो वास तिला ओळखीचा होता. पण एखाद्या बोलत्या माणसाच्या तोंडातून तो कधी आला नव्हता.

“तुझ्या आजीचं गाव शोध, बाळ,” ती म्हणाली. “आणि तिथं जाऊ नकोस.”

फालानिको उठला. “मी गाणार नाही. कुठंच. एकही कार्यक्रम करणार नाही.”

“नको गाऊस,” लोगन शांतपणे म्हणाला. “गाणं गाऊन झालंय.”

तेव्हापासून फालानिको गायलेला नाही. विमानतळावरच्या स्वयंपाकघरात, आत्याच्या शेजारच्या पट्ट्यावर, तो ताटात चमचे ठेवतो. त्याच्या बोटांनी कधी कडेवर ताल धरलाच, तर तो हात मागे घेतो. दर शनिवारी तो मांगेरेच्या आणि ओताराच्या बाजारात जाऊन सदरा घातलेल्या माणसांना थांबवतो आणि चित्र पुसा, गाणे लावू नका, अशी विनवणी करतो. लोक त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याच्यासोबत फोटो काढून घेतात.

“सोले, दोस्ता, ते टोपलीवालं म्हण ना एकदा!” असे मोठमोठी लेकुरवाळी माणसे म्हणतात.

दोष एकट्या कंपनीचा असता तर हे लिहिण्याची गरज नव्हती. कंपनीकडून वेगळी अपेक्षा कोणी केली होती? पण ते चित्र फोनच्या काचेवर लावून फिरणारे आपले आहेत. चर्चचे वडीलधारे आहेत, शाळेतल्या बाई आहेत, विमानतळावरचे सोबती आहेत. ‘आपली संस्कृती’ म्हणून ते अभिमानाने दाखवतात. विणीखाली कोण होते, हे त्यांना नावानिशी माहीत आहे, आणि इए परत आली हेही माहीत आहे. फुआतिनो रविवारी शेवटच्या बाकावर एकटी बसते, आणि सगळ्यांना वाटते, म्हातारीला ऐकू कमी येत असेल.

फोनोतीला विचारले, तर तो सुजलेल्या पायांकडे पाहत म्हणतो, “पुन्हा बसायला मी तयार आहे. पण पहिली लाज अजून बाजारात फिरतेय. ती घरी आल्याशिवाय दुसरी कशी पांघरायची?”

इए सेनेरिताच्या जेवणाच्या टेबलावर आहे. गादीखाली ती ठेवत नाही. तशी ठेवली तर आपली म्हणून परत घेतल्यासारखे होईल. वर पांढरी चादर आहे. आत्या आणि भाचा जमिनीवर बसून जेवतात. पाहुणा आला आणि त्याने टेबलाकडे पाहिले, तर सेनेरिता म्हणते, “ते फुआतिनोचं सामान आहे. न्यायचंय.” उन्हाळा सरत आला. गेल्या आठवड्यात फुआतिनोला धाप लागून इस्पितळात ठेवले होते. आता ती घरी आली आहे. दार उघडे आहे.

म्हणून वाचणाऱ्यांकडे हे मागणे आहे. ते चित्र तुमच्या फोनात असेल तर हे वाचून झाल्यावर लगेच पुसा. ज्यांना पाठवले असेल त्यांनाही पुसायला सांगा. सदरा असेल तर उलटा करून फाडा आणि त्याचे फरशीचे पोतेरे करा. ते गाणे लावू नका, आणि कुठे लागले असेल तर उठून बंद करायला सांगा. आणि एखाद्या पहाटे असोमुआच्या दारात केवड्याच्या विणीखाली माणसे बसलेली दिसली, तर फोन खिशात ठेवा, नजर खाली घ्या, आणि आपली गाडी ढकलत पुढे न्या.